वसतिगृहातून काढलेला विद्यार्थी : कर्मवीर भाऊराव पाटील

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी कोल्हापुरास आल्यावर ते जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. हा शिस्तभंग ठरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला.

ज्याला एका वसतिगृहाने बाहेर काढले, त्यानेच पुढे सर्वांसाठी वसतिगृह उघडले. 1919 साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. बालपणी बाबासाहेबांना शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले, तेही साताऱ्यातच. वर्गात असूनही ते वर्गाबाहेर होते. भाऊरावांच्या वसतिगृहात मात्र सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकाच पंक्तीला जेवत. मुलांच्या धान्यासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले.

तेथे मुले स्वयंपाक करीत, पाणी भरीत, शेतात राबत. कमवा आणि शिका या योजनेने फीची सोय झालीच, शिवाय प्रत्येक मुलाच्या हाती जबाबदारी आली. ज्याच्यावाचून पंक्तीचे काम अडते, तो मुलगा स्वतःला परका समजत नाही. 9 मे 1959 रोजी कर्मवीरांचे निधन झाले.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढण्यास, तसेच शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. तरीही खोडकर मुलाला वर्गाच्या दाराबाहेर उभे करण्याचा मोह आम्हा शिक्षकांना होतो. मलाही झाला आहे. तेवढ्या वेळात वर्ग शांत होतो, पण त्या मुलाचा धडा बुडतो आणि त्याच्या वागण्याचे कारण तसेच राहते. त्याला जवळ बसवून आधी त्याचे ऐकावे, बिघडवलेले त्याच्याच हातून दुरुस्त करून घ्यावे, वर्गाचे एखादे काम त्याच्यावर सोपवावे. घरी पालकांनीही हेच करावे.

ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभे केले गेले, त्याच्या मुलांसाठी कळस परिसरात चाललेल्या आपल्या निवासी विद्यालयाने हा वारसा जपावा, हीच कर्मवीरांना आदरांजली.