विल्यम वेलिंग्टन ग्रीनर

विल्यम वेलिंग्टन ग्रीनर (इ.स. १८३४ – जुलै २५, इ.स. १९२१) हे बर्मिंगहॅम येथील इंग्लिश बंदूक उत्पादक व लेखक होते. छऱ्यांच्या बंदुकीच्या नळीचे तोंड किंचित आवळण्याची, म्हणजेच चोकची, पद्धत इंग्लंडमध्ये रूढ करण्याचे श्रेय मुख्यतः त्यांना दिले जाते.

जीवन

वडील विल्यम ग्रीनर हेही नामांकित बंदूककार होते. त्यांनी १८४४ मध्ये आपला व्यवसाय न्यूकॅसलहून बर्मिंगहॅमला हलवला. ते ठासणीच्या बंदुकीचे कट्टर पुरस्कर्ते होते. मुलाला मात्र मागून काडतूस भरण्याच्या बंदुकीचे भवितव्य दिसत होते. या मतभेदातून मुलाने १८५५ मध्ये वेगळे दुकान थाटले. १८६९ मध्ये वडिलांच्या निधनानंतर दोन्ही व्यवसाय एकत्र झाले. त्याआधी १८६५ मध्ये विल्यम वेलिंग्टन यांनी मिटलेली बंदूक घट्ट धरून ठेवणाऱ्या आडव्या खिळीचे पेटंट घेतले होते.

चोक

सरळ नळीतून सुटलेले छर्रे लवकर पांगतात. बारा बोअरच्या नळीचे तोंड जेमतेम एक मिलिमीटरने अरुंद केले, तरी ते बऱ्याच दूरपर्यंत एकत्र राहतात. ही कल्पना ग्रीनर यांची नव्हे. न्यूकॅसलच्या पेप यांचे पेटंट १८६६ चे, तर अमेरिकेतील सिल्व्हेस्टर रोपर यांच्या काढता येणाऱ्या चोकचे पेटंट १८६८ चे आहे. १८७४ च्या सुरुवातीस एका ग्राहकाच्या सूचनांवरून आपल्याला चोकची माहिती मिळाली, हे ग्रीनर यांनी स्वतःच नमूद केले आहे. सूचनांत चोकचे वर्णन होते, त्याचा आकार नेमका किती व कसा असावा आणि तो घडवायचा कसा हे नव्हते. त्यासाठी लागणारी हत्यारे व कृती ग्रीनर यांनी बसवली, आणि त्यांचे खरे कर्तृत्व हेच होय.

त्यांचा दावा अनेकांना अविश्वसनीय वाटला. ४० यार्डांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात सरासरी २१० छर्रे बसतील, असे ते सांगत. काडतुसात छर्रे सुमारे ३००, आणि साध्या नळीचे त्यांतले १२० च्या आसपासच वर्तुळात येत. १८७५ च्या लंडनमधील जाहीर चाचण्यांत त्यांच्या बंदुका सरस ठरल्या व वाद मिटला.

चोकची निवड

दुसरा वाद मात्र रास्त होता. पूर्ण चोकचे छर्रे २० यार्डांवर इतके दाट असतात की नेम जरा चुकला तर पाखरू निसटते, आणि बसला तर ते खाण्याजोगे राहत नाही. उलट, साध्या नळीने लांबचा बार टाकल्यास एखाददुसरा छर्रा लागून पाखरू जखमी अवस्थेत उडून जाते. म्हणून झाडीतल्या जवळच्या शिकारीला मोकळी नळी, तर उंचावरून जाणाऱ्या बदकांना आवळलेली नळी सोयीची ठरते. इंग्लिश दुनळीत बहुधा उजवी नळी मोकळी व डावी आवळलेली असते, कारण उडून दूर जाणाऱ्या पाखरावर दुसरा बार लांबून पडतो.

आज त्याच वर्तुळात ४० टक्के छर्रे म्हणजे साधी नळी, ६० टक्के म्हणजे अर्धा चोक व ७० टक्के म्हणजे पूर्ण चोक असे ढोबळ प्रमाण मानतात. काडतूस बदलले की हे प्रमाणही बदलते. त्यामुळे नळीवरील खुणेपेक्षा कागदावर बार टाकून मोजलेले छर्रे अधिक विश्वसनीय असतात.

ग्रंथ

चोकच्या बंदुका व त्यांची काडतुसे यांवर ग्रीनर यांनी १८७६ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. १८८१ मधील ‘द गन अँड इट्स डेव्हलपमेंट’ या ग्रंथाची नववी आवृत्ती १९१० मध्ये निघाली.