विहिरी सर्वांसाठी खुल्या करणारे डॉ. पंजाबराव देशमुख

वऱ्हाडभूमीस संतांची आणि तीर्थक्षेत्रांची थोर परंपरा लाभलेली आहे. याच भूमीत ज्या लोकसेवकांनी जनताजनार्दनाची सेवा हीच ईश्वरसेवा मानली, त्यांत डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांचे नाव आदराने घेतले जाते. शिक्षणमहर्षी व भारताचे कृषिमंत्री म्हणून ते सर्वपरिचित आहेत. तथापि तारुण्यात अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी पाणवठ्यांसंबंधी जे धाडस केले, ते बाहेरगावच्या भाविकांच्या फारसे ऐकिवात नसते.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव शामराव व मातोश्रींचे राधाबाई. चांदूर रेल्वे, कारंजा व अमरावती येथे शालेय शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि १९२० साली विलायतेस रवाना झाले. तेथे त्यांनी बॅरिस्टरची पदवी तर मिळविलीच, शिवाय वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट संपादन केली. वेदांचा इतका सखोल अभ्यास केलेल्या या विद्वानाने मायदेशी परतल्यावर अस्पृश्यता निवारणाचे कार्य हाती घ्यावे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्या काळी वऱ्हाडात पाण्याची स्थिती बिकट होती. पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या भागांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे विहीर खोदली तरी पाणी खारट लागते. गोड्या पाण्याची विहीर म्हणजे गावाचे वैभवच. परंतु सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरीवरदेखील अस्पृश्य मानलेल्या बंधुभगिनींना पोहरा टाकण्याची मुभा नव्हती. रिकामी घागर घेऊन दूर उभे राहावे, कोणा दयाळू माणसाने वरून पाणी ओतले तर घ्यावे, नाहीतर नाल्यातील झिऱ्याचे पाणी प्यावे, हा नित्यक्रम होता. उन्हाळ्यात झिरेही आटत. मग त्या मायमाऊल्यांचे काय हाल होत असतील, याची कल्पनाच केलेली बरी!

मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव केला होता, तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतास जोडलेला असल्याने तो ठराव येथे लागू नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीस बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता आणि भाऊसाहेब उघडपणे प्रवेशाच्या बाजूने उभे राहिले.

१९२८ साली ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्या वेळी त्यांचे वय तीस वर्षांच्या आसपास होते. गावोगावच्या शाळा, रस्ते व विहिरी यांचा कारभार याच संस्थेकडे असे. अधिकार हाती येताच त्यांनी जिल्ह्यातील सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. विहीर जर लोकांच्या पैशाची, तर पाणीही सर्व लोकांचे, असा हा सरळ न्याय होता. मते मागावयास पुन्हा त्याच खेड्यांत जावयाचे आहे, हे ठाऊक असूनही त्यांनी हा निर्णय घेतला, यातच त्याचे मोल आहे. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून त्यांनी करवाढही केली. करवाढ कोणास आवडते? पण ते डगमगले नाहीत.

पुढे १९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. १९३२ मध्ये त्यांनी कायदेमंडळात हिंदू देवस्थानांच्या संपत्तीसंबंधीचे विधेयक मांडले. भक्तांनी श्रद्धेने वाहिलेल्या द्रव्याचा हिशेब राहावा व त्याचा विनियोग लोकहितार्थ व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. त्या वेळी त्यास कडवा विरोध झाला. आज नोंदणीकृत विश्वस्त संस्थांना दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, तेव्हा भाऊसाहेबांची दूरदृष्टी पटते. त्यांनी स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या कार्याविषयी स्वतंत्र पुस्तिकाच लिहावी लागेल.

केवळ आदेशाने गावाचे मन पालटत नाही, हेही खरे. कित्येक खेड्यांत निराळे पाणवठे पुढेही राहिले. भाऊसाहेब घटना समितीचे सदस्य होते. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा स्पष्ट नामोल्लेख आहे. सार्वजनिक पाणवठ्यावर जातीच्या कारणाने कोणासही अटकाव करता येणार नाही, असे ते कलम सांगते. जे अमरावती जिल्ह्यापुरते घडले होते, त्यास आता साऱ्या देशात घटनेचा आधार मिळाला.

१९५२ पासून दहा वर्षे त्यांनी केंद्रीय मंत्रिमंडळात कृषी खात्याचे काम पाहिले. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे त्यांचे देहावसान झाले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोला येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. खारपाणपट्ट्यातील जमीन व पाणी हा या विद्यापीठाच्या संशोधनाचा एक विषय आहे. अकोल्याहून पुढे जाणाऱ्या भाविकांनी सवड काढून हा परिसर अवश्य पाहावा.