खेड्यातला संपादक : मुकुंदराव पाटील

वृत्तपत्र म्हणजे पुण्या-मुंबईचे, असे समीकरण रूढ असताना मुकुंदराव पाटील (१८८५-१९६७) यांनी ते खेड्यात रुजविले. ‘दीनबंधु’चे संस्थापक कृष्णराव भालेकर हे त्यांचे जन्मदाते. १९१० मध्ये मुकुंदरावांनी ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक सुरू केले. पुढे तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील तरवडीतून ते पाच दशकांहून अधिक काळ निघत राहिले. त्या काळी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती असे आणि बहुतांश रयत निरक्षर. सावकारी, वतनदारी हे नशिबाचे भोग नसून राजकीय प्रश्न आहेत, ही जाणीव या पत्राने शेतकऱ्यांत जागविली. १९२० नंतर कायदेमंडळाच्या निवडणुकांत ब्राह्मणेतर पक्ष उभा राहिला, त्याची मनोभूमी अशाच पत्रांनी तयार केली होती.