विद्याव्रती बेनितो हुआरेझ

शिक्षणावाचून ज्ञातीचा उत्कर्ष नाही, हे आपण प्रत्येक संमेलनात ऐकतो. त्याचा दाखला देणारे एक परदेशीय चरित्र ज्ञातिबंधू-भगिनींपुढे ठेवीत आहे.

मेक्सिकोच्या वाहाका प्रांतात, ग्वेलाताव या डोंगरी खेड्यात, दि. २१ मार्च १८०६ रोजी झापोतेक या आदिवासी जमातीत बेनितो हुआरेझ यांचा जन्म झाला. तिसऱ्या वर्षीच मातापित्यांचे छत्र हरपले. पुढे ते चुलत्यांच्या मेंढ्या राखीत. गावात शाळा नव्हती आणि राज्यकर्त्यांची स्पॅनिश भाषा त्यांना जेमतेम समजे. विद्येच्या ओढीने १८१८ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, ते पायी वाहाका शहरी आले. तेथे त्यांची बहीण माझा नामक कुटुंबात स्वयंपाकीण होती.

सालानुएवा नावाच्या एका धर्मशील पुस्तकबांधणीकाराने त्यांना आश्रय देऊन शाळेत घातले. परंतु तेथे प्रतिष्ठितांच्या मुलांना मुख्य शिक्षक शिकवीत आणि गरिबांची मुले वेगळी बसवून साहाय्यकाच्या हवाली करीत. हुआरेझ यांनी ती शाळाच सोडली! माझा जन्म शिक्षकी पेशात गेला. हा प्रसंग वाचताना मान खाली जाते.

पुढे धर्मोपदेशक होण्याचा मार्ग सोडून त्यांनी कायद्याचा अभ्यास केला व १८३४ साली ते वकील झाले. धर्मगुरूच्या जाचाविरुद्ध खेडुतांची बाजू घेतल्याबद्दल त्यांना तुरुंगवासही घडला. ज्या घरी बहीण स्वयंपाक करी, त्याच घरच्या मार्गारिता या कन्येशी १८४३ साली त्यांचा विवाह झाला. १८४७ साली ते प्रांताचे गव्हर्नर झाले व त्यांनी अनेक शाळा काढल्या. १८५३ साली हद्दपार झाल्यावर न्यू ऑर्लीन्स येथे त्यांनी चिरूट वळून पोट भरले. १८५८ साली ते राष्ट्राध्यक्ष झाले. फ्रेंच सैन्याने मॅक्सिमिलियन यास सम्राट म्हणून गादीवर बसविले, तरी हुआरेझ यांनी देश सोडला नाही. १८६७ साली प्रजासत्ताक विजयी झाले. दि. १८ जुलै १८७२ रोजी, पदावर असतानाच, ते निवर्तले.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणे योग्य नव्हे. त्यांच्याच पक्षाने १८५६ साली केलेल्या कायद्यामुळे सामाईक जमिनी मोडीत निघाल्या आणि कालांतराने अनेक आदिवासी गावांच्या जमिनी परक्यांच्या हाती गेल्या. एक पुत्र राष्ट्राध्यक्ष झाला, तरी त्याच्या जमातीचे दैन्य सरले नाही.

म्हणून पालकांस विनंती, की मुलांना अवश्य शिकवावे. आणि शिकून मोठ्या झालेल्या तरुणांस विनंती, की मागे राहिलेल्यांच्या घरी वर्षातून एकदा तरी जावे व त्यांची अडचण त्यांच्याच तोंडून ऐकावी.