नगरपालिकांच्या निवडणुका लावल्या आणि दोनच दिवसांत राजाला देश सोडावा लागला

रिअल माद्रिद. फुटबॉलचा नाद असो वा नसो, हे नाव कानावर पडलं नाही असा माणूस विरळाच. या नावातलं ‘रिअल’ म्हणजे स्पॅनिशमध्ये शाही. क्लबच्या लोगोवर जो मुकुट दिसतो, तो नुसता शोभेसाठी काढलेला नाही. १९२० साली स्पेनच्या राजाने या क्लबला शाही पदवी दिली, तिची ती खूण आहे.

पण मधली काही वर्षं हा मुकुट गायब होता. नावातलं ‘रिअल’सुद्धा गेलं होतं. कारण ज्याने ते दिलं त्या राजाचीच गादी गेली होती. तीही लढाईत नाही, तर चक्क नगरपालिकांच्या निवडणुकीत.

त्या राजाचं नाव तेरावा अल्फोन्सो.

त्याची गोष्ट सुरू होते ती त्याच्या जन्माच्याही आधी. १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे वडील, राजे बारावे अल्फोन्सो क्षयाने वारले. राणी मारिया क्रिस्तिना तेव्हा गरोदर होती. आधीच्या दोन मुली होत्या, पण मुलगा झाला तर गादी त्याची. म्हणून अख्खा देश बाळाची वाट बघत थांबला. १७ मे १८८६ ला मुलगा झाला आणि पाळण्यातलं बाळ जन्मापासूनच स्पेनचा राजा झालं. पुढची सोळा वर्षं कारभार आईने बघितला.

त्याच काळात, म्हणजे १८९८ ला, अमेरिकेबरोबरच्या युद्धात स्पेनने क्युबा, पोर्तो रिको आणि फिलिपिन्स गमावले. एकेकाळी अर्ध्या जगावर राज्य करणाऱ्या देशाला हा घाव फार खोल लागला. १९०२ ला सोळाव्या वर्षी अल्फोन्सोने कारभार हातात घेतला, तो हा असा दुखावलेला देश होता.

३१ मे १९०६ ला त्याचं लग्न झालं. नवरी होती इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाची नात, व्हिक्टोरिया युजेनी. वरात राजवाड्याकडे निघालेली असताना मातेओ मोराल नावाच्या अराजकवाद्याने फुलांच्या गुच्छात लपवलेला बॉम्ब त्यांच्या बग्गीवर टाकला. राजा-राणी वाचले, पण वीसहून जास्त माणसं गेली. नवरीच्या पांढऱ्या पोशाखावर रक्ताचे डाग पडले होते.

याच लग्नाला आपल्याकडचे कपुरथळ्याचे महाराज जगतजित सिंग गेले होते. तिथं माद्रिदमध्ये त्यांनी अनिता देल्गादो या नर्तिकेला बघितलं आणि पुढं तिच्याशी लग्न केलं. तो किस्सा वेगळाच.

राजाच्या घरात सुख फार काळ टिकलं नाही. थोरल्या आणि धाकट्या मुलाला हिमोफिलिया होता, म्हणजे जखम झाली की रक्त थांबायचं नाही. दुसऱ्या मुलाला लहानपणीच बहिरेपण आलं.

आता मुद्द्याचं. तेव्हा स्पेनमध्ये निवडणुका व्हायच्या, पण निकाल आधीच ठरलेला असायचा. हुजूर आणि उदारमतवादी असे दोन पक्ष आळीपाळीने सत्तेत यायचे. कुठल्या जागेवर कोण निवडून येणार याची यादी गृहखात्यात तयार व्हायची आणि गावोगावचे पुढारी ती खरी करून दाखवायचे. या पुढाऱ्यांना तिकडं ‘कासिके’ म्हणायचे. मजुराला काम, शेतकऱ्याला जमीन, पोराला चिकटवणं, सगळं कासिकेच्या हातात. मग मत कुणाला जाणार हे वेगळं सांगायला नको.

ही व्यवस्था राजाला सोयीची होती. पण १९२१ ला मोरोक्कोमधल्या आन्वाल इथं स्थानिक रिफ टोळ्यांनी स्पॅनिश फौजेचा धुव्वा उडवला. हजारो सैनिक मेले. चौकशी लागली, संसदेत प्रश्न विचारले जाऊ लागले आणि बोट राजाकडेही वळायला लागलं.

तेवढ्यात सप्टेंबर १९२३ मध्ये जनरल मिगेल प्रिमो दे रिव्हेरा याने बंड केलं. राजाने त्याला अडवण्याऐवजी त्याच्याच हाती सरकार दिलं. १८७६ ची राज्यघटना बाजूला ठेवली गेली, संसद गेली, नगरपालिकाही बरखास्त झाल्या. राजाने राज्यघटना पाळण्याची शपथ घेतली होती. ती मोडल्याचं लोक विसरले नाहीत.

जानेवारी १९३० मध्ये जनरलला पायउतार व्हावं लागलं. आता परत घटनेच्या रस्त्यावर यायचं तर निवडणूक घ्यावी लागणार. थेट संसदेची घेतली आणि उलटली तर? म्हणून सरकारने ठरवलं, आधी नगरपालिका घेऊ. गटार, दिवे, रस्ते यांचीच निवडणूक, त्यात राजाला कसला धोका?

तारीख ठरली रविवार, १२ एप्रिल १९३१.

पण रिपब्लिकन आणि समाजवादी पक्षांनी हातमिळवणी केली आणि गल्लीतल्या निवडणुकीचा प्रश्नच बदलून टाकला. राजा पाहिजे की प्रजासत्ताक, एवढंच विचारायला सुरुवात केली. तेव्हा मतदान फक्त पुरुषांना होतं.

निकाल आला आणि सरकारची झोप उडाली. माद्रिद, बार्सिलोनासह प्रांतांच्या पन्नास राजधान्यांपैकी चाळीसहून जास्त ठिकाणी राजाविरोधी आघाडी जिंकली. खेड्यांमध्ये राजाच्या बाजूचे नगरसेवक भरपूर होते. जिथं जागा तेवढेच उमेदवार, तिथं मतदान न घेता बिनविरोध निवड व्हायची आणि अशीही बरीच गावं होती.

मग राजा हरला कसा?

कारण खेड्यातली मतं कशी पडतात हे सगळ्यांना माहीत होतं, राजाच्या मंत्र्यांना तर सगळ्यात जास्त. कासिकेचा हात जिथं पोचत नव्हता त्या शहरांचं मतच खरं मानलं गेलं. वर्षानुवर्षं निवडणुकांचा खेळ केला, त्यामुळं गरजेच्या वेळी स्वतःच्या आकड्यांवरही विश्वास ठेवता येईना.

१४ एप्रिलला पहाटे बास्क भागातल्या एइबार या गावात नव्या नगरसेवकांनी प्रजासत्ताक जाहीर केलं. दुपारपर्यंत शहरामागून शहर तेच करत गेलं. सिव्हिल गार्डचा प्रमुख जनरल सानहुर्हो राजासाठी रस्त्यावर उतरायला तयार झाला नाही. समोरच्या बाजूला होते निसेतो अल्काला-थामोरा, एकेकाळी राजाचेच मंत्री. त्यांनी निरोप दिला, सूर्य मावळायच्या आत निघा.

त्याच रात्री अल्फोन्सो गाडीने कार्ताहेना बंदरावर गेला आणि युद्धनौकेतून फ्रान्समधल्या मार्सेला पोचला. राणी आणि मुलं दुसऱ्या दिवशी रेल्वेने निघाली. रक्तपात नको म्हणून जातोय असं त्याने कळवलं, पण गादीवरचा हक्क मात्र सोडला नाही.

पुढची दहा वर्षं परदेशात गेली. हिमोफिलिया असलेली दोन्ही मुलं, धाकटा १९३४ ला आणि थोरला १९३८ ला, मोटार अपघातानंतर रक्तस्रावाने गेली. यादवी युद्धात अल्फोन्सोने फ्रँकोला पाठिंबा दिला, पण जिंकल्यावर फ्रँकोने गादी त्याला काही परत दिली नाही. जानेवारी १९४१ मध्ये त्याने आपला हक्क मुलाला, हुआनला दिला आणि २८ फेब्रुवारीला रोममध्ये त्याचं निधन झालं.

फ्रँकोनंतर १९७५ ला नातू हुआन कार्लोस राजा झाला. ३ एप्रिल १९७९ ला स्पेनमध्ये पुन्हा खऱ्या अर्थाने नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. अल्फोन्सोचे अवशेष मायदेशी आले ते त्यानंतर, १९८० ला.

आज स्पेनमध्ये आठ हजारांहून जास्त नगरपालिका आहेत. दर चार वर्षांनी मे महिन्याच्या चौथ्या रविवारी सगळीकडे एकाच दिवशी मतदान होतं. आपल्या महापालिकांसारखंच तिकडंही बहुतेक ठिकाणी लोक नगरसेवक निवडतात आणि नगरसेवक महापौर. राजा आजही आहे, पण गल्लीच्या निवडणुकीला कमी समजण्याची चूक आता तिथं कुणी करत नाही.