डॉ. जिचकारांचा गोडाचा हिशेब

डॉ. श्रीकांत जिचकार हे नाव घेतले की मराठी माणसाला आधी त्यांच्या पदव्या आठवतात. अभ्यासाचा कंटाळा करणाऱ्या मुलांना घरोघरी त्यांचे उदाहरण दिले गेले. मला मात्र हा माणूस आठवतो तो चहाचा कप हाती घेताना. आमची ब्राह्मणपुरी शहादा तालुक्यातली. तालुक्यात ऊस आहे, पुरुषोत्तमनगरचा साखर कारखाना आहे आणि पाहुण्याला कमी साखरेचा चहा देणे हा इथे जवळजवळ अपमानच. अशा मुलखात जिचकारांचा आहारविचार पोचला, तोही त्यांच्या मृत्यूनंतर, ध्वनिमुद्रित भाषणातून. म्हणून त्यांच्या चरित्राकडे आज या बाजूने पाहावेसे वाटते.

जिचकारांचा जन्म १४ सप्टेंबर १९५४ चा, नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरातला. नागपुरात त्यांनी एम.बी.बी.एस. आणि एम.डी. केले. दुसरा कोणी असता तर दवाखान्याची पाटी लावून मोकळा झाला असता. जिचकार परीक्षांनाच बसत राहिले. कायदा, व्यवस्थापन, पत्रकारिता, इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, संस्कृत असे एकेक विषय त्यांनी पालथे घातले. १९७३ ते १९९० या काळात त्यांनी विद्यापीठाच्या ४२ परीक्षा दिल्याचे सांगितले जाते. भारतीय पोलीस सेवेत निवड झाली, ती सोडली. प्रशासकीय सेवेत गेले, तीही काही महिन्यांत सोडली आणि १९८० साली, वयाच्या पंचविशीत, आमदार झाले. पुढे राज्यात मंत्रिपद, १९९२ ते १९९८ राज्यसभा. नागपुरातले त्यांचे घर म्हणजे हजारो पुस्तकांचे ग्रंथालयच होते.

एवढ्या धावपळीत त्यांच्यातला डॉक्टर मात्र जागा राहिला. वजन का वाढते, हा प्रश्न त्यांनी साध्या मराठीत लोकांपुढे मांडला. त्यांच्या मांडणीचा गाभा होता इन्सुलिन. आपण खाल्ले की रक्तातली साखर वाढते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. हे इन्सुलिन साखर पेशींत पोचवते, उरलेली ऊर्जा चरबी म्हणून साठवायला मदत करते आणि साठलेली चरबी वापरात येऊ देत नाही. म्हणून भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदाच जेवावे आणि मधले चरणे बंद करावे, असा त्यांचा निष्कर्ष. या हिशेबाने साखर घातलेला चहा आणि त्यासोबतचे बिस्कीट हेही शरीराला एक जेवणच. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी हाच विचार उचलला आणि महाराष्ट्रभर नेला.

आयुष्यभर परीक्षा देणाऱ्या माणसाच्या विचाराचीही परीक्षा घ्यायलाच हवी. त्यात तो काही विषयांत उत्तीर्ण होतो, काहींत अडतो. २०१३ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. मोकळेपणाने जेवणाऱ्या लोकांनी साखर कमी केली तेव्हा वजन सरासरी पाऊण-एक किलोने घटले. पण साखरेच्या जागी तेवढ्याच उष्मांकांचे दुसरे पिष्टमय अन्न दिले, तेव्हा काट्यात फरक पडला नाही. २०१८ साली अमेरिकेत ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला. कमी चरबी खाणाऱ्यांचे वजन सुमारे ५.३ किलोने आणि कमी पिष्ट खाणाऱ्यांचे ६ किलोने घटले, म्हणजे जवळपास सारखेच. कोणाला कोणता आहार मानवेल, हे इन्सुलिनच्या प्रमाणावरून सांगता आले नाही. तात्पर्य, इन्सुलिन ही गोष्ट खरी, पण अखेरचा हिशेब पोटात एकूण किती गेले याचाच.

तरीही जिचकारांचा सल्ला वाया जात नाही. दोनच जेवणे घेणारा माणूस बहुधा आपोआप कमी खातो. दोन चमचे साखरेचे सहा कप चहा म्हणजे दिवसाची पन्नासेक ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दोन हजार उष्मांकांच्या आहारात वरून घातलेल्या साखरेची जी कमाल मर्यादा सांगितली, ती एवढीच. पंचवीस ग्रॅमच्या आत राहिलात तर अधिक चांगले, असेही सांगितले. ती मर्यादा चहातच संपली, तर आखाजीच्या पुरणपोळीला आणि आमरसाला जागा कुठे उरली? गुळालाही यात सूट नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण गाळले, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गरोदर माता आणि वाढती मुले यांच्यासाठी तर हा मार्गच नाही. आमच्याच जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कुपोषणाशी झुंज चालू आहे. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांना कमी खा म्हणून सांगणे ही क्रूर थट्टा होईल. एकाच जिल्ह्यात एकाचा घास जास्त आणि दुसऱ्याचा अपुरा, हेही आहारशास्त्रच आहे.

२ जून २००४ रोजी नागपूरजवळ कोंढाळी परिसरात मोटार अपघातात जिचकार गेले. पन्नाशीही पुरी झाली नव्हती. आपल्या विचाराची पुढची तपासणी पाहायला ते उरले नाहीत. ते असते तर नवे निष्कर्ष वाचून स्वतःची मांडणी पुन्हा तपासायला बसले असते, असे मला त्यांच्या विद्यार्थीपणाकडे पाहून वाटते. त्यांच्या पदव्या कोणाला मिळवता येतील न येतील. चहातला एक चमचा कमी करणे मात्र ब्राह्मणपुरीतल्या कोणालाही आज संध्याकाळपासून जमण्यासारखे आहे.