बाबासाहेबांचं टाइमटेबल

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून पाठ असते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. चौदा एप्रिलच्या भाषणात एका दमात म्हणायची आणि टाळ्या घ्यायच्या! पण या पदव्यांपुढे सालं लिहून बघा. मी वहीच्या मागच्या पानावर लिहिली, तर क्रमच लागेना. पीएच.डी.चा प्रबंध १९१६ चा आणि पदवी १९२७ ची. मधली अकरा वर्षं गेली कुठे? थर्ड इयरला एक सेमिस्टर परदेशात करावं का, क्रेडिट जुळतील का, इयर डाऊन तर होणार नाही ना, यावर आपल्या हॉस्टेलमध्ये दरवर्षी कीस पडतो. म्हणून म्हटलं, या माणसाचं टाइमटेबल एकदा नीट मांडून बघूया.

१९१३ साल. बी.ए. होऊन बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत जेमतेम रुजू झाले होते, तोच फेब्रुवारीत वडील रामजी सुभेदार गेले. पुढे महाराज सयाजीराव गायकवाडांनी शिष्यवृत्ती दिली : दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची चाकरी करायचा करार. घरी तान्हा यशवंत आणि रमाबाई. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले.

आता तीन वर्षांत एम.ए. आणि जमलं तर पीएच.डी. एवढा हिशेब कोणीही केला असता. आपण इलेक्टिव्ह निवडताना काय बघतो? पेपर सोपा कोणता आणि सर मार्क कोणते सोडतात. बाबासाहेबांनी काय केलं? अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, वर फ्रेंच आणि जर्मन प्राथमिक. बेरीज साठ! डिग्रीला एवढे लागत नव्हते. मला वाटतं, त्यांना ठाऊक होतं की ही दारं पुन्हा उघडतील याची खात्री नाही. सेलिग्मन, जॉन ड्यूई असे प्राध्यापक समोर होते, तोवर घेता येईल ते घ्यायचं. १९१५ मध्ये एम.ए. झालं. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. वय २५. त्याच वर्षी पीएच.डी.चा प्रबंधही सादर केला.

तिथून थेट घरी नाही, तर लंडनला. ऑक्टोबर १९१६ मध्ये एकाच वेळी दोन ठिकाणी प्रवेश : अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. ग्रेज इनचा प्रकार मजेशीर आहे. तिथे टर्म भरायची म्हणजे हॉलमध्ये ठरावीक वेळा जेवायला हजर राहायचं! अशी अटेंडन्स आपल्याकडे असती तर एकाचीही टर्म ग्रँट व्हायची राहिली नसती. असो. पण हजेरी म्हणजे हजेरी, लंडन सोडलं की ती थांबली. आणि झालं तसंच. बडोद्याने वाढवून दिलेली मुदत १९१७ मध्ये संपली. दोन्ही अभ्यास अर्धवट टाकून निघावं लागलं. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने एक गोष्ट मात्र पदरात पडली : ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आलात, तर अभ्यास पुढे चालू करता येईल.

म्हणजे घड्याळ सुरू झालं. महायुद्ध चालू होतं. वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तकं पाणतीराच्या हल्ल्यात समुद्रात गेली. त्यांच्या नुकसानभरपाईच्या पैशांतून बडोद्याचं भाडं निघालं. बडोद्यात काय झालं ते आपण वाचलेलं आहे. एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला खोली मिळेना, पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या टोळक्याने बाहेर काढलं. दहा वर्षांचा करार तिथेच आटोपला.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. त्या काळात ही रक्कम काय होती याचा विचार करा. परळच्या चाळीत संसार, कित्येक वर्षांची ओढाताण, आणि आता कुठे सुखाचे दिवस. आपण म्हटलं असतं, बास झालं, प्लेसमेंट झाली! सगळ्या चरित्रात मला सर्वांत अवघड पाऊल वाटतं ते इथलं. १९२० मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि कोलंबियातले दोस्त नवल भथेना यांच्याकडून पाच हजारांचं कर्ज एवढ्या भांडवलावर ते पुन्हा लंडनला गेले. चार वर्षांच्या मुदतीत बसले. पण त्यांच्या या टाइमटेबलची किंमत घरी रमाबाई मोजत होत्या, हे विसरून चालणार नाही. पदव्यांच्या यादीत त्यांचं नाव कुठेच येत नाही.

लंडनमध्ये दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय. बोर्डिंगचं जेवण बेताचं, रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर. मध्येच जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव घातलं, पण तिथलं काही पुरं झालं नाही. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध दिला. त्यात ब्रिटिश सरकारच्या चलनधोरणावर कडक टीका होती, केन्ससारख्या नामांकित अर्थतज्ज्ञाचं मतही खोडलेलं होतं. परीक्षकांना ते झोंबलं. प्रबंध परत! आपली जर्नल परत येते तेव्हा निदान स्टाफरूम जवळ असते. इथे पैसे संपलेले. बाबासाहेब एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला आले, निष्कर्ष तेच ठेवून भाषा बदलली आणि ऑगस्टमध्ये प्रबंध मुंबईहून पाठवला. नोव्हेंबरमध्ये डी.एस्सी. मिळाली.

राहिली कोलंबिया. तिथला नियम असा, की प्रबंध मान्य झाला तरी छापील प्रती जमा केल्याशिवाय पदवी हातात नाही. छापायला पैसे कुठे होते? ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं त्यांचं पुस्तक १९२५ मध्ये लंडनला निघालं, त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. अर्पण केलंय सयाजीरावांना. त्याच्या प्रती न्यूयॉर्कला गेल्या आणि पीएच.डी. कागदोपत्री मिळाली ती जून १९२७ मध्ये. तोवर बाबासाहेब मुंबईच्या कायदे मंडळात सभासद झाले होते, आणि महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतल्याला जेमतेम तीन महिने होत आले होते.